वाचकांचे प्रश्न : तीन फंक्शनांचे एक करताना काय तपासावे?

प्रश्न : आमच्या गटाकडे सी भाषेतील एक जुना प्रोग्राम आहे. त्यात संदेश छापणारी तीन फंक्शने आहेत : एक साध्या माहितीसाठी, एक इशाऱ्यासाठी आणि एक चुकीसाठी. तिन्हींमध्ये दहा-बारा ओळी जवळपास सारख्याच आहेत : आधी वेळ छापायची, मग संदेशाचा प्रकार, मग मूळ संदेश. एका सहकाऱ्याने हे सामाईक काम एका नव्या फंक्शनात नेले असून जुनी तिन्ही फंक्शने आता फक्त त्यालाच बोलावतात. पॅच (कोडमधल्या बदलांचा संच) लहान आहे, ओळी कमी झाल्या आहेत आणि प्रोग्राम चालवून पाहिला तर पडद्यावर संदेश पूर्वीसारखेच दिसतात. त्याचा रिव्ह्यू, म्हणजे तपासणी, माझ्याकडे आला आहे. मंजुरी देण्यापलीकडे काही करण्यासारखे मला दिसत नाही. तरीही एवढ्याशा बदलात नेमके काय पाहायचे असते, हे समजून घेण्याची इच्छा आहे. जुना आणि नवा, दोन्ही कोड सोबत जोडले आहेत.

उत्तर : पुनरावृत्ती काढणारा पॅच वाचताना नजर साहजिकच सारख्या ओळींकडे जाते, कारण पॅच लिहिणाऱ्यानेही त्याच ओळी डोळ्यांपुढे ठेवून काम केलेले असते. रिव्ह्यू करणाऱ्याने मात्र उलट दिशेने वाचावे, असे आम्हाला वाटते. जुन्या तीन प्रती शेजारी शेजारी ठेवाव्यात आणि त्या एकमेकींपासून कुठे कुठे वेगळ्या आहेत, तेवढेच टिपून घ्यावे. असा प्रत्येक फरक एक तर कोणीतरी विचारपूर्वक ठेवलेला असतो किंवा नजरचुकीने राहिलेला असतो. तो यांपैकी कोणता, हे ठरवल्याशिवाय तिन्ही प्रती एक करता येत नाहीत, आणि पॅचमध्ये हा निर्णय बहुतेक वेळा कोणी घेतलेला नसतो. तो ओळी पुसताना आपोआप होऊन गेलेला असतो.

तुमच्या जुन्या कोडमध्ये असे पाच फरक आढळतात. माहितीचे फंक्शन स्टँडर्ड आउटपुटवर (प्रोग्रामच्या नेहमीच्या मजकुराचा प्रवाह) लिहिते, उरलेली दोन स्टँडर्ड एररवर (चुकांसाठीचा वेगळा प्रवाह). इशाऱ्याचे फंक्शन शेवटी नवी ओळ घालत नाही. ते काम बोलावणाऱ्यावर सोडलेले आहे. चुकीचे, म्हणजे चूक कळवणारे, फंक्शन छापण्यापूर्वी स्टँडर्ड आउटपुटचा बफर (लिहिण्यापूर्वी मजकूर साठवण्याची जागा) एफफ्लशने रिकामा करते. तेच फंक्शन पहिल्याच ओळीत एररनोचे (शेवटच्या चुकीचा क्रमांक ठेवणाऱ्या चलाचे) मूल्य एका स्थानिक चलात जपून ठेवते आणि संदेशाच्या शेवटी त्यावरून प्रणालीने दिलेले कारण जोडते. शिवाय तोच संदेश ते लॉगच्या फाइलमध्येही लिहिते. नव्या कोडमध्ये पहिला फरक स्ट्रीमच्या (कोणत्या प्रवाहावर लिहायचे ते सांगणाऱ्या) पॅरामीटरमुळे आणि दुसरा एका होय-नाही फ्लॅगमुळे टिकून राहिला आहे. उरलेल्या तिन्ही ठिकाणी मात्र वर्तन बदलले आहे आणि त्यांतला एकही बदल पडद्याकडे पाहून कळणारा नाही.

सर्वांत गंभीर बदल लॉगच्या फाइलबाबतचा आहे. जुन्या कोडमध्ये व्हीए_स्टार्ट, व्हीएफप्रिंटएफ, व्हीए_एंड (संदेशात भरायच्या मूल्यांची यादी सुरू करणे, ती वापरून छापणे, ती संपवणे) ही साखळी दोनदा लिहिलेली होती, एकदा पडद्यासाठी आणि एकदा फाइलसाठी. ही उघड पुनरावृत्ती असल्याने ती काढून टाकण्यात आली. आता सामाईक फंक्शनाला व्हीए_लिस्ट, म्हणजे ती यादी, एकदाच मिळते आणि ते तीच यादी लागोपाठ दोन व्हीएफप्रिंटएफना देते. सी भाषेच्या मानकानुसार, व्हीए_लिस्ट दुसऱ्या फंक्शनाला दिली आणि त्याने तिच्यातून मूल्ये काढून घेतली की बोलावणाऱ्याकडे तिची स्थिती अनिश्चित होते. त्यानंतर तिच्यावर फक्त व्हीए_एंड चालवता येते. प्रत्यक्षात काय घडते, ते यंत्रावर अवलंबून आहे. ३२ बिट इंटेल यंत्रांवर व्हीए_लिस्ट हा बहुधा साधा पॉइंटर असतो, तो मूल्य म्हणून दिला जातो आणि त्यामुळे दुसऱ्या वेळीही सगळे ठीक दिसते. लिनक्सवरील ६४ बिट इंटेल यंत्रांवर तो एका स्ट्रक्चरचा एक-घटकी ॲरे असतो. फंक्शनाला देताना त्याचा पत्ता जातो, पहिल्या वाचनात आत ठेवलेल्या खुणा पुढे सरकतात आणि दुसरे वाचन जिथे पहिले संपले तिथून सुरू होते. परिणाम असा की पडद्यावरचा संदेश अचूक असतो आणि फाइलमधल्या त्याच संदेशात फाइलच्या नावाऐवजी किंवा ओळीच्या क्रमांकाऐवजी भलतेच काही छापले जाते. त्या जागी %एस (स्ट्रिंग छापण्याची खूण) असेल तर प्रोग्राम कोसळूही शकतो. ज्या संदेशात भरायची मूल्येच नाहीत, तो संदेश दोन्हीकडे बरोबर येतो. म्हणून घाईने घेतलेली चाचणी पार पडते. १९९९ च्या मानकात आलेले व्हीए_कॉपी याच कामासाठी आहे. पहिल्या वापरापूर्वी यादीची प्रत काढावी, दुसरे लेखन त्या प्रतीवरून करावे आणि प्रतीसाठी वेगळे व्हीए_एंड लिहावे.

दुसरा बदल एररनोचा आहे. नव्या फंक्शनात आधी वेळ छापली जाते, मग प्रकार, मग संदेश, आणि शेवटी कारण जोडण्यासाठी एररनो वाचला जातो. दरम्यान लायब्ररीची चार-पाच फंक्शने चालून गेलेली असतात. फंक्शन यशस्वी झाले तरी त्याने एररनो बदलू नये असे बंधन मानकाने सरसकट घातलेले नाही. स्थानिक वेळ काढताना लायब्ररी वेळक्षेत्राची फाइल उघडण्याचा प्रयत्न करते. ती मिळाली नाही तर एररनोमध्ये 'फाइल सापडली नाही' असे मूल्य येऊ शकते, आणि मग डिस्क भरल्यामुळे झालेल्या चुकीचे कारण म्हणून वापरकर्त्याला तेच वाचायला मिळते. जुन्या युनिक्स प्रणालींवर टाइपरायटरचा दूरान्वयानेही संबंध नसलेल्या चुकांपुढे 'नॉट अ टाइपरायटर' असे कारण छापले जाई, त्याचे मूळ याच प्रकारात होते : स्ट्रीम टर्मिनलला जोडलेली आहे का, हे लायब्ररी आतल्या आत पाहत असे, आणि त्या तपासणीतला एररनो तसाच मागे राहत असे. म्हणून जुन्या फंक्शनातली पहिली ओळ ही केवळ शैली नव्हती. ती पहिलीच असली पाहिजे, वेळ छापण्याच्याही आधी.

तिसरा बदल म्हणजे गाळलेला एफफ्लश. पॅचच्या वर्णनात त्याला 'अनावश्यक' म्हटले आहे. स्टँडर्ड आउटपुट टर्मिनलला जोडलेले असते तेव्हा साधारणपणे ओळ पूर्ण होताच मजकूर बाहेर पडतो, त्यामुळे पडद्यावर काहीच फरक जाणवत नाही. परंतु तेच आउटपुट फाइलकडे किंवा पाइपकडे वळवले की लायब्ररी मोठा बफर भरेपर्यंत मजकूर राखून ठेवते, आणि स्टँडर्ड एररवरचा मजकूर मात्र लगेच लिहिला जातो. दोन्ही प्रवाह एकाच फाइलमध्ये घेणाऱ्याला मग चूक आधी आणि ती ज्या कामात घडली त्याची माहिती नंतर, अशा उलट्या क्रमाने वाचावे लागते. रात्रीतून आपोआप चालणाऱ्या कामांचे लॉग वाचून कारण शोधणाऱ्या माणसासाठी हा क्रम फार मोलाचा असतो. हा एफफ्लश परत आणावा आणि तो कशासाठी आहे, हे सांगणारी एका ओळीची टीप त्याच्यावर लिहावी. टीप नव्हती म्हणूनच तो कोणाला तरी अनावश्यक वाटला.

आता रचनेबद्दल. सामाईक फंक्शनाला सहा पॅरामीटर आहेत : स्ट्रीम, प्रकाराचे नाव, फॉरमॅट, यादी आणि दोन होय-नाही फ्लॅग. बोलावण्याच्या जागी शेवटी 'खरे, खोटे' किंवा 'खोटे, खरे' असे काही दिसते आणि त्याचा अर्थ कळण्यासाठी प्रत्येक वेळी व्याख्येकडे जावे लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्या गोष्टी फक्त चुकीच्या फंक्शनाला हव्यात, त्यांच्यासाठी तिघांच्या सामाईक फंक्शनात 'जर-तर' आले आहे. पूर्वी तीन सरळ रस्ते होते. आता एकच रस्ता आहे, पण त्यावर फाटे आहेत. ओळी कमी झाल्या, वाचनाचे श्रम मात्र वाढले.

आमची सूचना अशी. सामाईक फंक्शनात तिन्ही ठिकाणी खरोखर एकच असलेले तेवढेच ठेवावे : वेळ, प्रकार, संदेश. त्याला स्ट्रीम, प्रकार, फॉरमॅट आणि यादी एवढेच द्यावे. नवी ओळ, बफर रिकामा करणे, एररनो जपणे, फाइलमध्ये लिहिणे हे ज्याचे त्याच्याकडे राहू द्यावे. मग चुकीचे फंक्शन असे वाचता येईल : एररनो जपला, बफर रिकामा केला, व्हीए_स्टार्ट करून सामाईक फंक्शनाला स्टँडर्ड एररसह बोलावले, कारण आणि नवी ओळ लिहिली, व्हीए_एंड केले, पुन्हा व्हीए_स्टार्ट करून तेच लॉगच्या फाइलसाठी केले आणि व्हीए_एंडने संपवले. एकाच फंक्शनात व्हीए_एंडनंतर पुन्हा व्हीए_स्टार्ट करणे मानकाला पूर्णपणे मान्य आहे, त्यामुळे या रचनेत व्हीए_कॉपीचीही गरज उरत नाही. दोन-तीन ओळींची पुनरावृत्ती शिल्लक राहील. ती राहू द्यावी. ती वाचणाऱ्याला काय घडते आहे ते सांगते. दोन्ही फ्लॅग तर निघून जातीलच.

एक बारीक गोष्ट कंपाइलरच्या मदतीविषयी. तुमच्या हेडर फाइलमध्ये तिन्ही फंक्शनांवर जीसीसी कंपाइलरचे 'फॉरमॅट' ॲट्रिब्यूट लावलेले आहे, ज्यामुळे %डीच्या (पूर्णांकाच्या) जागी कोणी स्ट्रिंग दिली तर कंपाइलर तिथेच इशारा देतो. पॅचमध्ये ते तसेच राहिले आहे, हे चांगले आहे. नव्या फंक्शनावरही ते लावावे; यादी घेणाऱ्या फंक्शनासाठी त्यातला शेवटचा आकडा ० असतो. अशा बदलात फंक्शनाची घोषणा नव्याने लिहिली जाते, हे ॲट्रिब्यूट मागे राहून जाते आणि नंतर कित्येक दिवस ते कोणाच्या ध्यानातही येत नाही.

एवढे आक्षेप घेतले, तरी हा पॅच करण्यासारखा आहे, हे आवर्जून सांगायला हवे, कारण आक्षेपांच्या यादीत मूळ काम वाया गेल्यासारखे वाटू शकते. तुमच्या प्रोग्राममध्ये अनेक थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) आहेत. पॉझिक्स (युनिक्ससारख्या प्रणालींचे मानक) पाळणाऱ्या प्रणालींवर एफप्रिंटएफचा एकेक कॉल स्वतःपुरता अखंड असतो, पण वेळ, प्रकार आणि संदेश हे तीन वेगळे कॉल असल्याने दोन थ्रेडचे संदेश एकाच ओळीत मिसळू शकतात. हा दोष जुन्या कोडमध्येही होता आणि तिन्ही ठिकाणी होता. पहिले तीन भाग आता एकाच जागी आले आहेत, आणि वरच्या सूचनेप्रमाणे केले तर शेवट बाहेरच्या फंक्शनांत राहील. म्हणून पुढच्या एखाद्या पॅचमध्ये बाहेरच्या प्रत्येक फंक्शनात सुरुवातीला फ्लॉकफाइल (प्रवाहाला कुलूप) आणि शेवटी फनलॉकफाइल (कुलूप काढणे) लावले की पूर्ण संदेश एकसंध निघेल. इशाऱ्याची नवी ओळ बोलावणारा लिहितो, त्यामुळे तेवढी फट उरेल, आणि ती बुजवायची तर आधी नव्या ओळीचा नियम तिन्हींसाठी एक करावा लागेल.

मात्र हे साधण्यासाठी प्रकाराचे नाव फॉरमॅटला जोडून एक मोठा फॉरमॅट तयार करण्याचा मोह टाळावा. त्या नावात प्रोग्रामचे किंवा फाइलचे नाव असेल आणि त्यात टक्केचिन्ह आले, तर ते चिन्ह आज्ञा म्हणून वाचले जाईल. बाहेरून आलेला मजकूर फॉरमॅट म्हणून वापरल्याने प्रोग्रामचा ताबाच घेता येतो, हे २००० च्या सुमारास एफटीपी सर्व्हरवरील हल्ल्यांमुळे सगळ्यांच्या लक्षात आले आणि त्यानंतर कंपाइलरांनी याबाबतचे इशारे अधिक कडक केले. त्यापेक्षा व्हीएसएनप्रिंटएफने संदेश आधी बफरमध्ये तयार करावा आणि मग %एसच्या मदतीने सगळे एकाच कॉलमध्ये लिहावे. लिनक्स कर्नलमध्ये हीच गरज इतकी वारंवार पडली की, एका फॉरमॅटच्या पोटात दुसरा फॉरमॅट आणि त्याची यादी देता यावी म्हणून तिथे %पीव्ही ही खास खूण ठेवलेली आहे.

हे सर्व एकाच पॅचमध्ये कोंबू नये. रिफॅक्टरिंगची व्याख्याच 'बाहेरून दिसणारे वर्तन न बदलता आतली रचना बदलणे' अशी आहे. विल्यम ओप्डाइक यांच्या इलिनॉय विद्यापीठातील १९९२ च्या प्रबंधापासून ही अट त्या कल्पनेला चिकटलेली आहे. पहिल्या कमिटमध्ये (कोडच्या इतिहासातील बदलाची एक नोंद) फक्त रचना बदलावी आणि आउटपुटचा एकही बाइट बदलू देऊ नये. इशाऱ्याची नवी ओळ, थ्रेडचे कुलूप असले हवेहवेसे बदल त्यानंतरच्या कमिटमध्ये, प्रत्येकी वेगळे, करावेत. उद्या काही बिघडले तर कोणत्या कमिटने बिघडवले, हे शोधणे मग सोपे जाते. वाचणाऱ्यासाठीही ते सोयीचे असते : नुसती हलवलेली ओळ आणि बदललेली ओळ यांना वेगळे रंग देणारा 'कलर-मूव्हड' हा पर्याय गिटच्या (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाच्या) डिफमध्ये २०१७ पासून आहे, आणि रचनेच्या शुद्ध पॅचवर तो लावला की जे जे हलवताना बदलले गेले ते चटकन उठून दिसते.

प्रश्न : आमच्याकडे या भागासाठी स्वयंचलित चाचण्या नाहीत. अशा वेळी 'आउटपुट पूर्वीसारखेच आहे' असे ठामपणे कसे म्हणता येईल?

उत्तर : डोळ्यांनी तुलना करू नये, हे पहिले. शेवटी राहिलेली एखादी मोकळी जागा किंवा नव्या ओळीचे गायब झालेले चिन्ह डोळ्यांना दिसत नाही, परंतु त्या आउटपुटवर अवलंबून असलेल्या दुसऱ्या प्रोग्रामला ते नक्की जाणवते. संदेश माणसांसाठी आहेत असे आपण समजत असलो, तरी ते वाचून 'चूक' हा शब्द शोधणारी एखादी स्क्रिप्ट कुठेतरी असतेच, आणि तिची माहिती संदेश लिहिणाऱ्याला बहुधा नसते.

एक छोटा चालक प्रोग्राम लिहावा, जो तिन्ही फंक्शनांना ठरावीक संदेश देतो. त्यात मूल्य नसलेला संदेश असावा, एका आकड्याचा असावा, स्ट्रिंग आणि आकडा दोन्ही असलेला असावा, रिकामी स्ट्रिंग असावी, खूप लांब स्ट्रिंग असावी, देवनागरी मजकूर असावा, दोन टक्केचिन्हे असलेला फॉरमॅट असावा. एक संदेश मुद्दाम सात-आठ मूल्यांचा ठेवावा, कारण लिनक्सवरील ६४ बिट इंटेल यंत्रांवर पूर्णांक आणि पॉइंटर प्रकारची पहिली सहा मूल्ये रजिस्टरमधून जातात आणि पुढची स्टॅकवरून. यादीच्या हाताळणीत गफलत असेल तर ती या सीमेवर हमखास उघडी पडते. हा चालक जुन्या कोडसह एकदा आणि नव्या कोडसह एकदा बांधावा. वेळ मात्र दर वेळी बदलणार, म्हणून वेळ काढणाऱ्या फंक्शनाच्या जागी चाचणीपुरते स्थिर वेळ देणारे फंक्शन जोडावे; ते जमत नसेल तर तुलनेपूर्वी दोन्ही फाइलींतून वेळेचा भाग सारख्याच रीतीने कापून टाकावा.

मग आउटपुट चार प्रकारे साठवावे : स्टँडर्ड आउटपुट एका फाइलमध्ये, स्टँडर्ड एरर दुसऱ्या फाइलमध्ये, दोन्ही मिळून तिसऱ्या फाइलमध्ये, आणि प्रोग्राम स्वतः लिहितो ती लॉगची फाइल. जुन्या-नव्या जोड्यांवर सीएमपी चालवावे, म्हणजे तुलना बाइटनिहाय होईल. वरच्या प्रश्नातील पॅचला ही कसोटी लावली तर यादीचा दोष लॉगच्या फाइलमध्ये पकडला जाईल आणि गाळलेला एफफ्लश मिसळलेल्या फाइलमधल्या उलटलेल्या क्रमात दिसेल. एररनोचा दोष असा आपोआप सापडेलच असे नाही. त्यासाठी स्थिर वेळ देणाऱ्या त्या बदली फंक्शनाने एररनोमध्ये जाणूनबुजून एखादे भलते मूल्य टाकावे. जुना कोड तरीही खरे कारण छापेल आणि नवा कोड भलते छापेल.

लेखनच अयशस्वी झाले तर काय होते, हेही एकदा पाहावे. लिनक्सवर डेव्ह निर्देशिकेत 'फुल' नावाचे एक उपकरण असते. त्यावर लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाला डिस्क भरल्याची चूक मिळते. स्टँडर्ड आउटपुट तिकडे वळवून दोन्ही आवृत्त्या चालवाव्यात. प्रिंटएफच्या घराण्यातली फंक्शने लिहिलेल्या अक्षरांची संख्या परत करतात आणि चूक झाल्यास ऋण मूल्य देतात. मात्र मजकूर बफरमध्येच असेल तर ही चूक प्रिंटएफच्या वेळी न कळता एफफ्लशच्या किंवा फाइल बंद करण्याच्या वेळी कळते, हे ध्यानात ठेवावे. तुमची जुनी फंक्शने हे मूल्य पुढे देत असतील, तर नवीनही देतात का, आणि तीन कॉलांची बेरीज करून देतात की फक्त शेवटच्याचे देतात, हे पाहायला हवे.

सर्व तुलना जुळल्या की नव्या कोडमध्ये एखादी मोकळी जागा हेतुपुरस्सर वाढवावी आणि तुलना अयशस्वी होते की नाही, तेही बघावे. जी चाचणी कधीच नापास होत नाही, तिच्या निकालावर विसंबता येत नाही. हा चालक प्रोग्राम फेकून न देता कोडसोबत ठेवावा; पुढच्या पॅचला तो आयताच मिळेल.

प्रश्न : तीनऐवजी दोनच ठिकाणी सारखा कोड असेल तरीही तो एकत्र करावा का? आमच्या गटात यावरून मतभेद आहेत.

उत्तर : दोन प्रतींच्या आधारे सामाईक भाग ठरवणे कठीण असते, कारण त्यांच्यातील साम्य मुळातले आहे की योगायोगाचे, हे सांगायला तिसरे उदाहरण नसते. म्हणून तिसरी प्रत लिहायची वेळ येईपर्यंत थांबावे, हा अनेक अनुभवी प्रोग्रामरांचा परिपाठ आहे आणि आम्हालाही तो पटतो. 'स्वतःची पुनरावृत्ती करू नका' हा नियम अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांनी १९९९ मध्ये मांडला, तेव्हा त्यांचा रोख ज्ञानाच्या पुनरावृत्तीवर होता : एखादी बाब प्रणालीत एकाच अधिकृत जागी सांगितलेली असावी. ओळी सारख्या दिसतात, एवढ्यावरून ती पुनरावृत्ती ठरत नाही.

समजा, एक फंक्शन अहवालातील रकाने पडद्यावर स्वल्पविराम देऊन दाखवते आणि दुसरे तेच रकाने स्वल्पविराम देऊन फाइलमध्ये निर्यात करते. आज दोन्ही अक्षरशः सारखी आहेत. उद्या निर्यातीच्या मजकुरात स्वल्पविराम आला तर तो अवतरणचिन्हांत घालावा लागेल आणि पडद्यावरचे आकडे उजवीकडे सारून रेषेत मांडावे लागतील. दोघांच्या बदलाची कारणे वेगळी आहेत. त्यांना आज एक केले तर उद्या पुन्हा फ्लॅग येतील. याउलट दोन्ही ठिकाणी तारखेचे स्वरूप लिहिलेले असेल आणि ते नेहमी एकच असले पाहिजे असा नियम असेल, तर दुसऱ्याच प्रतीला ते एका जागी आणावे. तिथे तिसऱ्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

प्रश्न : पॅच पाठवणारे सहकारी माझ्याहून बरेच ज्येष्ठ आहेत. चाळीस ओळींच्या पॅचवर सहा-सात शेरे लिहिणे उद्धटपणाचे वाटेल का?

उत्तर : शेरे कोडवर असतील आणि तपासून पाहता येण्यासारखे असतील, तर वाटू नये. मायकेल फेगन यांनी आयबीएममध्ये कोड तपासणीची पद्धत घालून दिली आणि १९७६ मध्ये ती प्रसिद्ध केली, तेव्हापासून तपासणीचा हेतू दोष शोधणे हा आहे. लिहिणाऱ्याचे मूल्यमापन करणे हा नाही. ज्येष्ठ सहकाऱ्यांना याची कल्पना असतेच.

शब्दरचनेने बराच फरक पडतो. 'एफफ्लश का काढला?' असे विचारण्यापेक्षा 'जुन्या चुकीच्या फंक्शनात छापण्यापूर्वी एफफ्लश होता. आउटपुट फाइलकडे वळवल्यास तो नसताना क्रम उलटतो, सोबत दोन्ही आउटपुट जोडली आहेत. तो जाणीवपूर्वक वगळला आहे का?' असे लिहावे. यात काय पाहिले, कसे पाहिले आणि काय विचारायचे आहे, हे तिन्ही आले. कदाचित त्यांच्याकडे तुम्हाला ठाऊक नसलेले कारण असेल. मग ते कारण कमिटच्या वर्णनात यावे, एवढीच विनंती करावी.

प्रत्येक शेऱ्यापुढे तो अडवणारा आहे की केवळ सुचवणारा, हेही स्पष्ट लिहावे. या पॅचमध्ये यादीचा दुहेरी वापर, एररनो आणि एफफ्लश हे तीन मुद्दे सुटेपर्यंत मंजुरी थांबवणे योग्य ठरेल. फ्लॅग काढून टाकण्याची सूचना जोरकसपणे मांडावी, पण त्यांनी नाकारली तर त्यावर पॅच अडवून धरू नये. ॲट्रिब्यूटची बाब एका ओळीत उरकावी. थ्रेडच्या कुलपाचा विषय या रिव्ह्यूत आणूच नये. त्यासाठी वेगळी नोंद करावी आणि तो पॅच शक्य असल्यास तुम्ही स्वतः लिहून त्यांच्याकडे रिव्ह्यूला पाठवावा.